प्रश्न तुमचे : भरलेली डिस्क, वाढलेला लोड आणि एसएसएचचा नकार

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे सुरळीत चाललेल्या लिनक्स सर्व्हरने अचानक अडवून धरल्याची आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच पत्रांत ‘रीबूट केल्यावर ठीक झाले, पण काही दिवसांनी पुन्हा तेच’ हे वाक्य थोड्याफार फरकाने आले आहे. रीबूट कधीच करू नये असे मी म्हणणार नाही. परंतु तो अगदी शेवटी करावा, कारण त्याने पुरावा पुसला जातो. कोणती प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) कोणती फाइल धरून बसली होती, कोण कशाची वाट पाहत होते, मेमरी कोणाकडे गेली होती, ही सगळी माहिती रीबूटबरोबर नाहीशी होते. मूळ सेटिंग बदललेले नसेल आणि ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी अस्तित्वात नसेल, तर सर्व्हिस सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे जर्नलही (सर्व्हरची नोंदवही) फक्त मेमरीतच राहते, म्हणजे त्याच्या नोंदीही जातात. ही डिरेक्टरी आपल्या सर्व्हरवर आहे की नाही ते आजच पाहावे आणि नसल्यास ती तयार करून जर्नलची सर्व्हिस रीस्टार्ट करावी. त्यानंतर कधी रीबूट झालाच, तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ या कमांडने त्याच्या आधीच्या सत्रात काय घडले ते वाचता येते.

या सदरात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : डिस्क १०० टक्के भरल्यामुळे आम्ही ॲप्लिकेशनची सुमारे ४० जीबीची लॉग फाइल ‘आरएम’ने काढून टाकली. फाइल आता दिसत नाही, तरीही ‘डीएफ’ १०० टक्केच दाखवतो. आणि ‘डीयू’ने सगळ्या डिरेक्टऱ्यांची बेरीज केली, तर ती त्यापेक्षा ४० जीबीने कमी भरते. ही जागा कोठे गेली?

उत्तर : जागा कोठेही गेलेली नाही, ती अजून त्याच फाइलकडे आहे. लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. डिरेक्टरीत केवळ नाव आणि त्या नावापुढे आयनोडचा क्रमांक असतो. फाइलचा आकार, ओनर, परमिशन आणि डेटा कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद आयनोडमध्ये असते. ‘आरएम’ फक्त नाव काढते. त्या आयनोडकडे बोट दाखवणारे एकही नाव उरले नाही आणि ती फाइल उघडून बसलेली एकही प्रोसेस उरली नाही, या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच कर्नल (लिनक्सचा गाभा) ब्लॉक मोकळे करते. तुमचे ॲप्लिकेशन अद्याप चालू आहे, त्याने ती लॉग फाइल सुरुवातीलाच उघडलेली आहे आणि नाव गेल्याचा त्याला पत्ताही नसल्यामुळे ते त्याच फाइलमध्ये लिहीत राहिले आहे. ‘डीएफ’ थेट फाइलसिस्टिमला वापरलेल्या ब्लॉकचा हिशेब विचारतो, तर ‘डीयू’ एकेका नावामागे जाऊन बेरीज करतो. नावच नसलेली फाइल ‘डीयू’ला दिसणार कशी? म्हणून या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की पहिला संशय अशाच फाइलचा घ्यावा.

खात्री करण्यासाठी रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘एलएसओएफ +एल१’ ही कमांड चालवावी. यातील पर्यायाचा एल मोठा आहे. नावांची संख्या एकपेक्षा कमी असलेल्या, पण उघड्या असलेल्या फाइलींची यादी त्यातून मिळते. ती ओळ नीट वाचावी : पीआयडीच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक, एफडीच्या रकान्यात ‘३डब्ल्यू’ यासारखी खूण, म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेला ३ क्रमांकाचा डिस्क्रिप्टर (प्रोसेसने उघडलेल्या फाइलला मिळणारा क्रमांक), पुढे बाइटमध्ये आकार, एनलिंकच्या रकान्यात शून्य आणि सर्वांत शेवटी जुने नाव व त्यापुढे ‘डिलीटेड’ हा शब्द. तुमचे ४० जीबी त्या आकाराच्या रकान्यात सापडतील.

सर्व्हिस रीस्टार्ट करणे शक्य असेल तर तेवढेच करावे, जागा तत्काळ मोकळी होईल. ते शक्य नसेल, तर ‘ट्रंकेट -एस ०’ या कमांडपुढे ‘/प्रोक’, मग पीआयडी, मग ‘एफडी’ आणि डिस्क्रिप्टरचा क्रमांक असा मार्ग द्यावा; चालू प्रोसेसला धक्का न लावता फाइल रिकामी होते. मात्र ॲप्लिकेशनने ती फाइल शेवटी जोडत जाण्याच्या पद्धतीने, म्हणजे अपेंड मोडमध्ये उघडलेली नसेल, तर त्याचे पुढचे लेखन जुन्या ठिकाणापासूनच सुरू होते आणि फाइलचा दिसणारा आकार पुन्हा ४० जीबी होतो. त्याने घाबरून जाऊ नये. मधला भाग पोकळ असतो आणि तो डिस्कवर जागा घेत नाही. हा उपाय लॉगपुरताच आहे. डेटाबेसच्या फाइलीवर तो चुकूनही करू नये.

यापुढे मोठा लॉग काढायची वेळ आली तर ‘आरएम’ऐवजी ‘ट्रंकेट’ वापरावे, आणि मुळात ती वेळ येऊ नये म्हणून जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणारे लॉगरोटेट बसवावे. लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ हा सोपा पर्याय आहे, परंतु प्रत काढणे आणि मूळ फाइल रिकामी करणे यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी त्यात हरवू शकतात. ज्या ॲप्लिकेशनला लॉग नव्याने उघडायला सांगता येते, त्याला तसे सांगणेच उत्तम. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ‘यूएसआर१’ हा सिग्नल पाठवला की ते हेच करते.

‘एलएसओएफ’मध्ये काहीच सापडले नाही, तर आणखी एक जागा पाहावी. एखाद्या डिरेक्टरीत आधी फाइली होत्या आणि नंतर त्याच डिरेक्टरीवर दुसरी डिस्क माउंट झाली (जोडली गेली), तर आधीच्या फाइली झाकल्या जातात. त्या जागा अडवतात, पण ‘डीयू’ला दिसत नाहीत. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून ‘/एमएनटी’वर ‘डीयू’ चालवल्यास झाकलेला भाग उघडा पडतो. शिवाय, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम तयार होताना ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवले जातात, त्यामुळे साध्या वापरकर्त्याची जागा आकड्यांत दिसते त्याच्या आधीच संपते. निव्वळ डेटासाठी असलेल्या मोठ्या पार्टिशनवर ‘ट्यून२एफएस -एम १’ने ही राखीव जागा कमी करायला हरकत नाही, रूट पार्टिशनवरची राखीव जागा मात्र तशीच ठेवावी, कारण डिस्क भरल्यावर दुरुस्ती करण्यासाठी तुम्हाला तिचीच गरज पडते.

प्रश्न : ‘डीएफ -एच’ ३० टक्के जागा रिकामी असल्याचे सांगतो, पण नवी फाइल तयार करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो. फाइलसिस्टिम बिघडली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ‘डीएफ -आय’ चालवून पाहा. ‘आययूज’ या रकान्यात १०० टक्के दिसले तर ब्लॉक शिल्लक आहेत, पण आयनोड संपले आहेत. ईएक्सटी४मध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते आणि सर्वसाधारणपणे दर १६ केबीमागे एक, या हिशेबाने १०० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे ६५ लाख आयनोड मिळतात. एरवी ही संख्या भरपूर असते. पण वेब ॲप्लिकेशनच्या सेशन फाइली, मेलची तुंबलेली रांग किंवा कॅशच्या बारीक फाइली साचत गेल्या की ती गुपचूप संपते. ‘डीयू --आयनोड्स -एक्स’ने कोणती डिरेक्टरी दोषी आहे ते शोधावे. तेथे ‘आरएम’पुढे तारांकन देऊन फाइली काढायला गेल्यास यादी फार लांब असल्याची तक्रार येईल, म्हणून ‘फाइंड’ला फाइलच्या वयाची अट घालून त्याच्याच ‘-डिलीट’ या पर्यायाने काढाव्यात. आणि ‘-डिलीट’ नेहमी सर्वांत शेवटी लिहावे, कारण ते आधी आले तर पुढच्या अटी लागू होण्यापूर्वीच फाइली गेलेल्या असतात. एक्सएफएस फाइलसिस्टिम आयनोड लागतील तसे तयार करते, त्यामुळे तेथे ही अडचण क्वचितच येते.

‘डीएफ’चे दोन्ही आकडे चांगले असूनही हाच संदेश फाइलींवर नजर ठेवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामकडून येत असेल, तर त्याचा डिस्कशी काहीच संबंध नसतो. आयनोटिफाय या फाइलींवर नजर ठेवण्याच्या सोयीतील वॉचची मर्यादा संपली तरी कर्नल त्याच क्रमांकाची त्रुटी परत करते, आणि ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_वॉचेस’ ही किंमत ‘सिसीटीएल’ने वाढवावी लागते.

प्रश्न : बॅकअपसाठी जोडलेली एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर तो बराच वेळ थांबून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये गेला. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकावी लागेल का?

उत्तर : अजिबात नाही. बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये त्या डिस्कची ओळ अजून आहे, सिस्टमडीने मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंद तिची वाट पाहिली आणि एक आवश्यक फाइलसिस्टिम मिळाली नाही, असे मानून पुढचे काम थांबवले. इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड देऊन आत जावे. नेमके काय अडले ते ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ आणि ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ यांतून दिसेल. या अवस्थेत रूट फाइलसिस्टिम केवळ वाचण्यापुरती माउंट झालेली असू शकते, म्हणून आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ करावे आणि मगच एफएसटॅबमधील त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घालावे. रूटला पासवर्डच ठेवलेला नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून तीच फाइल दुरुस्त करता येते.

डिस्क पुन्हा जोडायची असेल तर ती ओळ तीन बदल करून लिहावी. ‘/डेव्ह/एसडीबी१’ यासारख्या नावाऐवजी ‘बीएलकेआयडी’ने मिळणारा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) द्यावा, कारण अशी नावे डिस्क सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असतात आणि एक डिस्क काढली तरी बदलू शकतात. पर्यायांत ‘नोफेल’ घालावे, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. जोडीला ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस’ दिल्यास प्रतीक्षाही कमी होते. एफएसटॅबला हात लावल्यानंतर रीबूट करण्यापूर्वी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ या दोन्ही कमांड चालवण्याची सवय लावून घ्यावी. चूक असेल तर ती चालू सर्व्हरवर, तुम्ही लॉगिन असतानाच कळते.

‘नोफेल’चा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा. डिस्क नसताना बूट झाला, तर बॅकअपची स्क्रिप्ट त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे रूट फाइलसिस्टिमवरच लिहू लागते आणि ती भरून टाकते. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू’ने डिस्क खरोखर माउंट आहे का ते तपासावे आणि नसेल तर स्क्रिप्ट तेथेच थांबवावी. त्याहून पक्का उपाय म्हणजे डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘सीएचॲटर +आय’ करून ठेवणे. मग तेथे रूटलाही काही लिहिता येत नाही.

प्रश्न : चार कोरच्या सर्व्हरवर लोड ॲव्हरेज ४५ दिसतो, पण ‘टॉप’मध्ये सीपीयू ९० टक्के रिकामा आहे. सीपीयू वाढवून घ्यावा का?

उत्तर : सीपीयू वाढवून येथे काहीही फरक पडणार नाही. लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर, ही समजूत लिनक्सपुरती तरी सोडून द्यावी. शेवटच्या १, ५ आणि १५ मिनिटांसाठी दाखवलेल्या या तीन आकड्यांत सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या प्रोसेस तर धरल्या जातातच, शिवाय ज्या प्रोसेस मध्येच न तोडता येणाऱ्या प्रतीक्षेत आहेत त्याही १९९३पासून लिनक्समध्ये मोजल्या जातात. ‘पीएस’मध्ये अशा प्रोसेसची अवस्था मोठ्या डी या अक्षराने दाखवलेली असते. बहुतेक वेळा त्या डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइलसिस्टिमच्या उत्तराची वाट पाहत असतात.

तेव्हा पहिली कमांड ‘पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,डब्ल्यूचॅन:३२,सीएमडी’ ही असावी आणि तिच्या उत्तरातील डीने सुरू होणाऱ्या ओळी पाहाव्यात. डब्ल्यूचॅनच्या रकान्यात प्रोसेस कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये थांबली आहे ते दिसते. तेथे एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) किंवा आरपीसी (तिच्या विनंत्या पाठवण्याचे माध्यम) ही अक्षरे असलेली नावे आली, तर दोष दूरच्या फाइल सर्व्हरचा किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या नेटवर्कचा आहे. मग कमांडच्या रकान्याकडे पाहावे. पुष्कळदा तेथे एकाखाली एक ‘डीएफ’च ‘डीएफ’ अडकलेले दिसतात, कारण मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर मिनिटाला ‘डीएफ’ चालवते, प्रत्येक ‘डीएफ’ बंद पडलेल्या एनएफएस माउंटपाशी जाऊन थांबतो आणि लोड मिनिटाला एक या गतीने चढत राहतो. कोणीही काम करत नसताना आकडा ४५पर्यंत पोहोचतो तो असा. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’ अशी नोंद आली असेल तर निदान पक्के समजावे.

एनएफएसचे माउंट मूळ सेटिंगनुसार ‘हार्ड’ असते, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत ते प्रयत्न करीतच राहते. ते ‘सॉफ्ट’ करण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु ज्या माउंटवर लिहिले जाते तेथे ‘सॉफ्ट’ केल्यास अर्धवट लेखन होऊन डेटा बिघडण्याचा धोका आहे, आणि त्यापेक्षा अडकलेली प्रोसेस परवडली, असे माझे स्पष्ट मत आहे. फाइल सर्व्हर परत येणारच नसेल, तर ‘उमाउंट -एफ’ आणि तरीही न सुटल्यास ‘उमाउंट -एल’ वापरावे. मॉनिटरिंगला ‘डीएफ -एल’ द्यावा. तो फक्त स्थानिक फाइलसिस्टिम पाहतो.

डब्ल्यूचॅनमध्ये एनएफएसचे नाव नसेल तर स्थानिक डिस्ककडे वळावे. ‘आयओस्टॅट -एक्स १’मधील अवेटचे रकाने एकेका विनंतीला किती मिलिसेकंद लागत आहेत ते सांगतात. ‘यूटिल’चा रकाना १०० टक्के दाखवत असला तरी एनव्हीएमई डिस्कवर त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण अशी डिस्क एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते. कर्नल ४.२० किंवा त्यापुढचे असेल आणि त्यात ही सोय सुरू असेल, तर ‘/प्रोक/प्रेशर/आयओ’ ही फाइल पाहावी. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत प्रोसेसचा किती टक्के वेळ डिस्कमुळे वाया गेला हे ती थेट सांगते आणि लोड ॲव्हरेजपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे.

प्रश्न : आमचा डेटाबेस रात्री आपोआप बंद होतो. त्याच्या लॉगमध्ये बंद होण्याची एकही नोंद नाही. दिवसा ‘फ्री’ कमांड मेमरी जवळजवळ संपल्याचे दाखवते, म्हणून आम्ही क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सर्व्हिस) दर तासाला कॅश रिकामी करतो.

उत्तर : ती क्रॉनची नोंद आजच काढून टाका. ‘फ्री’च्या उत्तरात ‘फ्री’ नावाचा रकाना नव्हे, तर ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहायचा असतो. रिकामी पडलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि कोणी मागितल्यास परत देते. ती जबरदस्तीने रिकामी केल्याने डेटाबेसला सगळे पुन्हा डिस्कवरून वाचावे लागते, एवढेच होते.

बंद होण्याचे कारण बहुधा कर्नलच्या लॉगमध्ये सापडेल. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द शोधा. मेमरी खरोखर संपली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एका प्रोसेसला सिगकिल हा तत्काळ मारणारा सिग्नल पाठवतो, आणि हा सिग्नल पकडता येत नसल्याने मरणाऱ्या प्रोसेसला आपल्या लॉगमध्ये एक ओळही लिहिता येत नाही. त्या नोंदीच्या वर प्रत्येक प्रोसेसचा तक्ता असतो. त्यातील आरएसएसचा, म्हणजे प्रोसेसने प्रत्यक्ष घेतलेल्या मेमरीचा, आकडा बाइटमध्ये नसून पेजमध्ये असतो. ४ केबीच्या पेजप्रमाणे ५२४२८८ म्हणजे २ जीबी. हा तक्ता अवश्य वाचावा, कारण मारली गेलेली प्रोसेस दोषीच असते असे नाही. कर्नल मुख्यत्वे जास्त मेमरी घेतलेल्याला निवडते आणि डेटाबेस तर नेहमीच जास्त मेमरी घेऊन बसलेला असतो. रात्रीच सुरू होणारे एखादे रिपोर्टचे किंवा बॅकअपचे काम तक्त्यात फुगलेले दिसले, तर त्या कामाच्या सर्व्हिसला ‘मेमरीमॅक्स’ (दोन्ही शब्दांचा पहिला एम मोठा) घालून मर्यादा लावावी आणि डेटाबेसच्या सर्व्हिसला ‘ओओएमस्कोअरॲडजस्ट=-५००’ (ओओएम, एस आणि ए मोठे) द्यावे. उणे १००० देऊन डेटाबेसला पूर्ण अभय देण्याचा विचार मात्र करू नये, कारण तोच फुगला तर कर्नल त्याच्याऐवजी इतर सगळ्यांना मारीत सुटेल.

प्रश्न : वेबसाइटवर फाइल अपलोड होत नव्हती म्हणून सहकाऱ्याने सर्व्हरवरील होम डिरेक्टरीला ‘सीएचमॉड -आर ७७७’ (आर मोठा; सर्वांना सर्व परवानग्या) केले. अपलोड सुरू झाले, पण आता एसएसएचची की (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची किल्ली) चालत नाही, ‘परमिशन डिनाइड’ येते. की तर बदललेलीच नाही.

उत्तर : की बरोबर आहे, सर्व्हरचा तिच्यावरचा विश्वास उडाला आहे. एसएसएच सर्व्हरमध्ये ‘स्ट्रिक्टमोड्स’ हे सेटिंग मुळातच सुरू असते. होम डिरेक्टरी, तिच्यातील ‘.एसएसएच’ आणि ‘ऑथोराइज्ड_कीज’ यांपैकी कशावरही ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी असली, तर सर्व्हर ती की मानत नाही, आणि ते योग्यच आहे : जो ती फाइल बदलू शकतो, तो स्वतःची की घालून तुमच्या नावाने आत येऊ शकतो. नकाराचे कारण क्लायंटला मुद्दाम सांगितले जात नाही. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे डेबियन आणि उबुंटूच्या परिवारात ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’मध्ये, रेड हॅटच्या परिवारात ‘/व्हार/लॉग/सिक्युअर’मध्ये किंवा जर्नलमध्ये असते, आणि तेथे ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ या शब्दांत नेमकी डिरेक्टरीही सांगितलेली असते.

कन्सोलवरून किंवा दुसऱ्या खात्याने आत जाऊन होम डिरेक्टरीला ७५५, ‘.एसएसएच’ला ७०० आणि ‘ऑथोराइज्ड_कीज’ला ६०० द्यावे आणि तिन्हींचा ओनर तोच वापरकर्ता आहे याची खात्री करावी. तेथे एखादी प्रायव्हेट की असेल तर तिलाही ६०० हवे, नाहीतर एसएसएच क्लायंटच ती वापरायला नकार देतो. रेड हॅटच्या परिवारात यानंतरही नकार आला तर ‘रिस्टोअरकॉन -आर -व्ही’ चालवून एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचे लेबल दुरुस्त करावे; येथील आर मोठा आहे.

उरलेल्या फाइलींचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. सीएचमॉडमधील मोठा एक्स येथे उपयोगी पडत नाही, कारण तो ज्या फाइलींवर आधीच एक्झिक्यूटची परवानगी आहे तेथे ती तशीच ठेवतो आणि ७७७ने ती सर्वच फाइलींवर लावून ठेवली आहे. म्हणून ‘फाइंड’च्या ‘-टाइप डी’ने डिरेक्टऱ्या वेगळ्या काढून त्यांना ७५५ आणि ‘-टाइप एफ’ने साध्या फाइली वेगळ्या काढून त्यांना ६४४ द्यावे, ‘.एसएसएच’ यातून वगळावी आणि स्क्रिप्टना एक्झिक्यूटची परवानगी मागाहून हाताने द्यावी. पासवर्ड असलेल्या कॉन्फिगरेशन फाइली याहून कडक कराव्यात आणि ते पासवर्ड या काळात मशीनवरील कोणालाही वाचता येत होते असे धरून बदलावेत.

अपलोडचा मूळ प्रश्नही अजून तसाच आहे. ७७७ने अडचण सुटत नाही, फक्त ती कोणाला अडवत होती ते कळण्याचा मार्ग बंद होतो. वेब सर्व्हर कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते ‘पीएस’ने पाहा आणि मग ‘नेमआय -एल’ला अपलोडच्या डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग द्या. ही छोटी कमांड रूटपासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचे ओनर आणि परमिशन एकाखाली एक मांडून दाखवते. बहुतेक वेळा शेवटची डिरेक्टरी ठीक असते आणि वरच्या एखाद्या डिरेक्टरीत त्या वापरकर्त्याला प्रवेशच नसतो. ज्या एका डिरेक्टरीत लिहायचे आहे, तेवढ्याच डिरेक्टरीचा ग्रुप बदलून तिला ७७५ दिले की काम भागते.

आणि एसएसएचच्या सेटिंगला केव्हाही हात लावताना एक सत्र उघडे ठेवा, ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासा, सर्व्हिस रीलोड करा आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होते हे पाहिल्यावरच पहिले सत्र बंद करा. सर्व्हिस रीस्टार्ट झाली तरी सुरू असलेली सत्रे तुटत नाहीत, त्यामुळे चूक झाल्यास परतीची वाट राहते.

प्रश्न : बॅकअपची कमांड हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही. फाइलच्या नावात तारीख घातली आहे.

उत्तर : तारखेतील टक्क्याचे चिन्ह दोषी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. क्रॉनटॅबमध्ये ते नव्या ओळीचे चिन्ह मानले जाते आणि त्यापुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. त्यापूर्वी बॅकस्लॅश द्यावा किंवा, अधिक चांगले म्हणजे, सगळी कमांड स्क्रिप्टमध्ये हलवून क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहावा. तरीही न चालल्यास पाथ (कमांड ज्या डिरेक्टऱ्यांत शोधली जाते त्यांची यादी) पाहावा : वापरकर्त्याच्या क्रॉनला सहसा ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढेच दिसतात, तुमच्या प्रोफाइलमधील काहीही तेथे वाचले जात नाही आणि शेलही ‘/बिन/एसएच’ असतो, जो डेबियन व उबुंटूवर बॅश नसून डॅश असतो. ओळीच्या शेवटी आउटपुट आणि त्रुटी दोन्ही एका लॉग फाइलकडे वळवाव्यात, म्हणजे नेमके कारण पुढच्याच फेरीत तेथे लिहिलेले मिळेल. बॅकअप मोठा असेल आणि एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होण्याची भीती असेल, तर कमांडच्या आधी ‘फ्लॉक -एन’ आणि एका लॉक फाइलचे नाव द्यावे. पहिली फेरी चालू असेपर्यंत दुसरी सुरूच होणार नाही.